मसुऱ्याच्या शेतात खाडीचं पाणी

आंबोलीला गाडी थांबली तेव्हा बोटं गारठली होती. शेजारच्या प्रवाशाला मी ऐटीत म्हटलं, ही कसली थंडी! गेल्या हिवाळ्यात मी सिमल्याकडे होतो. तिथे बटाटा काढून झाला की शेत उकरून उघडं टाकतात. माती गोठते, आत चुकून राहिलेले बटाटे मरतात आणि पुढच्या पिकात आगंतुकासारखे उगवत नाहीत. त्याने शांतपणे भजी संपवली आणि "बरा" एवढंच म्हणाला.

घाटाखाली मसुऱ्याला पोचेपर्यंत घामाने निथळलो. मित्राचे थोरले भाऊ, आबा, यांच्याकडे उतरलो. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि सोलकढी पानात पडली, तरी माझा सिमला सुटेना. आबा हसले. कापणीत सांडलेलं भात इथेही आपसूक उगवतं नि पुढच्या पिकात मिसळतं, म्हणाले, पण आमच्याकडे थंडीचं काम खाडी करते. अवसेच्या भरतीला बांधाचं लाकडी दार उघडून खाजणात (खाडीकाठच्या सखल शेतात) खारं पाणी घ्यायचं. उगवलेलं सगळं जळतं. मीठ पावसाळा धुऊन नेतो.

दुसऱ्या दिवशी अवसेची भरती आली, पण दार उघडेना. वाडीतल्या सुभद्रावहिनी बांधावर अडून बसल्या होत्या. दिवाळीतल्या पावसात या एकट्या बाईची भाताची उडवी (रास) कुजली. बियाण्यापुरताही दाणा उरला नाही. त्यांच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) सांडीचं भात उगवलं होतं, ते घागरीने पाणी घालून त्यांनी जगवलं. तेच त्यांचं पुढच्या सालचं बी. बांध सगळ्यांचा एकच, पाणी आलं की तेही जाणार. आणि बी मागायला दुसऱ्याच्या दारात जाईल ती सुभद्रा कसली! थंडी कुणाला विचारून पडत नाही. इथे एक बाई बसली तर खाडी दाराबाहेर खोळंबली.

कोणी आवाज चढवला नाही. आबा घरी गेले आणि सूपभर भात आणून वहिनींपुढे ठेवलं. मग एकेक घर येऊ लागलं. कुणाचं तांबडं, कुणाचं पांढरं, कुणाचं लवकर पिकणारं. वहिनी मान वर करेनात.

आबांनी चिडवलं, "वयनी, सगळी सरमिसळ होतली हां."

त्या पदर खोचून उठल्या. "होऊंदे. फुडच्या वर्सा माझ्या कुणग्यात सगळी वाडी पिकतली. काडा दार."

पाणी आत आलं. पोरांसारखे सगळे बघत राहिलो.

सकाळी परतीला निघालो तर खाजण भरून गेलं होतं. वहिनींचा हिरवा तुकडा कुठे होता तेही कळेना. जीव हळहळला, खोटं कशाला बोलू? त्यांच्या अंगणावरून जाताना आत डोकावलो. घराघरांतून आलेलं बी त्यांनी निवडून वेगळं केलं नव्हतं. सगळं एकाच मुडीत (पेंढ्याच्या गोल गाठोड्यात) बांधून, वर गाठ आवळत होत्या.