फळ्यावरची खास युक्ती

भूकंपानंतरचं दुसरं वर्ष, जून महिना. लातूरच्या शिकवणीत भूकंपग्रस्तांसाठी फीमाफीची एकच जागा होती. समोर सर, इकडे अप्पा, मी आणि धाकटी बहीण शोभा. सरांनी तिला विचारलं, तेहतीस ही मूळ संख्या आहे का?

शोभानं डाव्या हाताची पाचही बोटं उघडली, उजव्याची तीन. आमची आई बांगड्या अशाच मोजायची. डावं बोट म्हणजे अर्धा डझन, उजवं म्हणजे सुटी बांगडी. आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली नाही; तिची मोजणी शोभाच्या बोटांत राहिली.

“न्हाई सर. सुट्या तीन उरल्या की तीननं भाग जातोच. दोन आन् तीन सोडले, तर मूळ संख्येत सुटी एक उरती, न्हाईतर पाच.”

सर हसले. “बोटं मोजून डॉक्टर होनार का गं? परीक्षेत असलं इचारत न्हाईत.”

“उत्तर तर बरोबर हाय, सर,” अप्पा म्हणाले.

“पुढचा कोन हाय?”

शोभाचं शिक्षण तिथंच थांबलं.

काल मुलीला घेऊन त्याच शिकवणीत गेलो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘सरांची खास युक्ती. सहानं भागा. बाकी एक किंवा पाच नसेल, तर दोन-तीन सोडून ती संख्या मूळ नव्हे.’

पूर्ण वर्षाची फी भरली. त्याच सरांना.