फोनची वाट बघणारा

कोपरच्या आमच्या चाळीत फोन फक्त आमच्याकडे होता. नोकरी शोधणारी मुलं अर्जावर आमचाच नंबर देत. समोरच्या खोलीतला, बी.कॉम. झालेला मुलगा रोज दुपारी आमच्या दाराशी येऊन बसे. मला इंग्रजीची भीती, म्हणून फोन तोच घेई. पण आधी शर्टाचं वरचं बटण लावी.

"अरे, पलीकडच्याला बटण दिसतं का?" मी एकदा विचारलं.

"आवाजात येतं, काकू."

आंबिवलीच्या एका कारखान्यात एकच जागा होती. तो आणि माडीवरची मुलगी, दोघंही मुलाखत देऊन आले होते. एका दुपारी फोन वाजला. "येस सर," तो म्हणाला. मग रिसीव्हरवर तळहात दाबून माझ्याकडे बघत राहिला.

"तिला घेतलंय, काकू. तिला बोलवा म्हणताहेत."

ती इथे राहत नाही, असं त्याने सांगितलं असतं तर कळणार होतं फक्त मला. आणि मी कुणापुढे तोंड उघडत नाही, हे साऱ्या चाळीला ठाऊक. कणकेत घातलेला माझा हात तसाच राहिला.

रिसीव्हर बाजूला ठेवून तो बाहेर धावला. "अगं ए, खाली ये! तुझा फोन!"

ती धापा टाकत आली, पण साहेबांचं इंग्रजी ऐकून अडखळली.

"सोमवारपासून येणार का विचारताहेत," ती त्याच्याकडे बघत कुजबुजली.

"मग हो म्हण ना, गाढवे!" तो इतक्या जोरात ओरडला, की पलीकडच्या साहेबांनीही ऐकलं असेल.