पुढच्या चाकाचा टायर

भीमाप्पा कांबळे टायर आणायला निपाणीला निघाला, की तो दिवस मावळल्याशिवाय घरी येत नाही हे त्याच्या बायकोला, राजाबाईला, पाठ होतं. "लुगडं घ्यायला मी एवढा वेळ लावत न्हाय," असं ती शेजारणींना सांगायची आणि हसायची. भीमाप्पा हसत नसे. त्याचं पोट त्या दोन चाकांवर होतं.

त्याचा बाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत बोदं, म्हणजे तंबाखूचे गठ्ठे, उचलून म्हातारा झाला. भीमाप्पा सातवी पास झाला आणि हुणशेवाडीच्या टपालात लागला. घराण्यात खाकी शर्ट घालणारा तो पहिलाच. काम एकच. सकाळी दहाच्या एस.टी.नं टपालाची पिशवी यायची. तिच्यातली वरच्या वाड्यांची पत्रं वेगळी करायची आणि सायकलवरून पोचवायची. शेवटची वाडी कारवेवाडी, पठारावर, अकरा किलोमीटरवर. तिथं रस्ता म्हणावा असं काही नव्हतं. आधी बाभळींचा माळ, मग ओढ्यातले गुळगुळीत गोटे, आणि त्यानंतर जांभ्या दगडाची लांब चढण. बैलगाडीसुद्धा तिथं जपून चालायची.

त्या वाटेनं त्याला टायर ओळखायला शिकवलं. दुकानात तो टायर हातात घेऊन अंगठ्याचं नख रबरात रुतवायचा. नखाची खूण लगेच बुजली तर रबर ताजं. मग टायर उलटा करून आतलं कापड बघायचा, दोन्ही कडांची तार दाबून बघायचा. खाचा किती खोल आहेत हे तो सगळ्यांत शेवटी बघे. लोक तेवढंच बघून टायर घेतात, याचा त्याला अचंबा वाटायचा. दुकानदार हरिभाऊंना तो सांगे, "काट्यानं पंक्चर हुतंय, ते काढता येतंय. दगूड टायरची कूस, ही बाजू, फाडतोय. कूस गेली की संपलं."

हरिभाऊ मान डोलवायचे. शहरातल्या गिऱ्हाइकांना हे सांगून उपयोग नव्हता, पण हा माणूस वर्षाला चार टायर खायचा.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात टायरची टंचाई आली. भीमाप्पा तीनदा निपाणीला जाऊन हात हलवत परत आला. चौथ्या खेपेला हरिभाऊंनी माळ्यावरून एक टायर काढला. दूधवाले वापरतात तसला, जाड कुशीचा, भारी.

"एकच हाय बघ. जोडी न्हाय. जोडीच पायजे असंल तर हे साधे दोन घेऊन जा."

भीमाप्पानं साधे टायर हातात घेतले. कापड विरळ होतं. दोन महिन्यांत दोन्ही गेले असते. त्यानं जाड टायर परत उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. बाहेर बाजार उठायला लागला तरी त्याचं ठरेना.

"वजन मागं पडतंय," शेवटी तो म्हणाला. "पिशवी मागं, मी मागं. मागलाच टायर आधी फाटतोय. ह्यो मागं घालतो. पुढं जुनाच चालवतो, आतनं तुकडा बसवून."

"मीबी तेच केलं असतं," हरिभाऊ म्हणाले.

तसं त्यानं केलं. पुढच्या टायरला बाजूनं एक चीर होती. तिच्या आत त्यानं जुन्या टायरचा तुकडा बसवला. पावसाळा त्या जोडीनं सुखरूप काढला. मागचा टायर तर नव्यासारखा दिसत होता.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पिशवीतून एक लांबट सरकारी पाकीट निघालं. पत्ता कानडीत. कुमारी बेबी कल्लाप्पा, कारवेवाडी. ब्रँच पोस्टमास्तर मारुतीरावांनी ते उजेडात धरलं.

"नर्सच्या ट्रेनिंगचं दिसतंय. कागद आत दुमडलाय, पण तारीख वाचता येतीय. उद्या सकाळी दहा वाजता मुलाखतीला बोलावलंय, बेळगावात." मग त्यांनी शिक्का बघितला. "नऊ दिवस झालं हे निघून. कुठं अडकलं होतं देव जाणे."

बेबीला भीमाप्पा लहानपणापासून ओळखत होता. कारवेवाडीतली दहावीची एस.एस.एल.सी. झालेली ती पहिली मुलगी. शाळेला ती रोज हीच वाट तुडवत खाली यायची. अर्जाचं पाकीट तिनं त्याच्याच हातात दिलं होतं आणि त्यानंतर दर खेपेला नुसतं बघायची, विचारायची नाही. तिची आई सोनुबाई त्याला हातात तांब्या देऊन पाणी प्यायला लावायची. वाडीत हे सगळेच करत नव्हते.

भीमाप्पानं मनात हिशेब केला. दुपारी तीनची एस.टी. हुणशेवाडीतून निपाणीला जाते. ती मिळाली तर मुलगी रात्रीपर्यंत बेळगावात. त्यासाठी तिनं साडेबाराला वाडी सोडायला हवी. आत्ता सव्वादहा वाजले होते. सायकलनं दीड तास.

"बाकीचं टपाल नंतर वाटतो," तो म्हणाला आणि निघाला.

माळ झाला. ओढा उतरून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे नेली. चढण सुरू झाली तशी तो उतरून पळत सायकल ढकलू लागला, जरा सपाटी आली की टांग मारायचा. तिसऱ्या वळणावर पुढचं चाक एका धारदार दगडावर आदळलं. आवाज फार झाला नाही. कापड फाटावं तसा झाला. त्यानं वाकून बघितलं, तर टायरची कूस वीतभर उघडली होती आणि ट्यूब बाहेर येऊन फुटली होती.

इथं त्याची चूक झाली, असं त्याला आयुष्यभर वाटत राहिलं. सायकल टाकून तेव्हाच पळत सुटायला हवं होतं. पण चौदा वर्षं ज्या माणसानं वाटेत टायर दुरुस्त केले, त्याचा हात आधी पिशवीतल्या सामानाकडे गेला. नवा तुकडा कापला, चिरेत बसवला, ट्यूब चिकटवली, हवा भरली. शंभर पावलांवर तुकडा सरकला. मग त्यानं ट्यूब काढून टायरात गवत कोंबलं. ते अर्धा किलोमीटर टिकलं आणि टायर रिमवरून सुटून पुढच्या चिमट्यात गुंतला. डोक्यावरचं ऊन बघून त्याला कळलं, की यात तासभर गेला. त्यानं सायकल झुडपात ढकलली, पाकीट शर्टाच्या आत घातलं आणि पळत सुटला.

मागचं चाक धडधाकट होतं. पळताना हे त्याच्या डोक्यातून जाईना.

कारवेवाडीत तो पोचला तेव्हा सोनुबाई जेवणाची भांडी घासत होती. बेबीनं पाकीट घेतलं, फोडलं, वाचलं. परत वाचलं.

"किती वाजलं, अण्णा?"

"दीड वाजून गेलाय."

ती उठली. कपडे, सर्टिफिकिटं एका पिशवीत भरली, आणि बाप कल्लाप्पासंगं धावतच वाट उतरू लागली. भीमाप्पा मागून गेला. ओढ्यापाशी आले तेव्हा माळापलीकडे धुरळा दिसला. एस.टी. निघाली होती. कल्लाप्पानं डोक्यावरचा पटका काढून हवेत हलवला. एवढ्या लांबून तो कुणाला दिसणार होता?

मारुतीरावांनी पोस्टाच्या कागदावर लिहून दिलं, की पत्र आज पोचलं, मुलीचा दोष नाही. शिक्काही मारला. बापलेक त्या रात्री भीमाप्पाच्याच घरी राहिली. सकाळच्या पहिल्या गाडीनं निपाणी, तिथून बेळगाव. पोचायला बारा वाजले. तिथल्या कारकुनानं कागद वाचला. तो वाईट माणूस नव्हता, असं कल्लाप्पानं नंतर सांगितलं. त्यानं दोघांना पाणी दिलं. "खरं असेल," तो म्हणाला, "पण आलेल्या मुलींची यादी साहेबांकडे गेली. आता माझ्या हातात काही नाही."

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला. बोलावणं आलं नाही. ऐंशीच्या अखेरीला तिचं सदलग्याला लग्न झालं.

भीमाप्पानं पुढच्या चाकालाही जाड टायर मिळवला. ती जोडी तीन वर्षं चालली. हरिभाऊंनी कौतुक केलं. त्यांना त्यानं ती गोष्ट कधीच सांगितली नाही.

बेबीची पत्रं सदलग्याहून यायची. सोनुबाईला वाचता येत नसे, म्हणून भीमाप्पाच ती वाचून दाखवायचा. मुलं बरी आहेत, तंबाखू चांगली आलीय, सासूचा गुडघा दुखतो. असंच एक पत्र वाचून झाल्यावर सोनुबाईनं तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "भीमाण्णा, एक विचारू? तवा येळंवर गेली असती, तर तिला घेतलं असतं काय रं त्यांनी?"

भीमाप्पानं पत्राची घडी घातली. घेतलं असतं म्हणावं, तर तिला टोचणार होतं. नसतं घेतलं म्हणावं, तर ते त्याला ठाऊक नव्हतं.

"काय सांगू, आक्का," तो म्हणाला. पत्र तिच्या हातात दिलं आणि पाणी न पिताच उठला.