निळ्या खडूची रेघ

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. लोकांनी त्यांना मास्तर केलं ते त्यांच्या कानामुळे. जुनी गाडी गॅरेजच्या दारात आली की बॉनेट उघडायच्या आधीच ते मान तिरकी करून उभे राहायचे आणि निकाल द्यायचे, "ठिणगी उशिरा पडतेय हिची." गाडीवाला चपापायचा. त्याला वाटायचं, आपण सकाळी बायकोशी भांडून निघालो हेही आता हा माणूस सांगणार.

जुन्या गाडीत पेट्रोलला ठिणगी नेमकी कधी द्यायची, ते डिस्ट्रिब्यूटर नावाचा एक डबा ठरवतो. तो मुठीत धरून केसभर एका बाजूला फिरवला की ठिणगी आधी पडते, दुसऱ्या बाजूला फिरवला की उशिरा. उशिरा पडली तर गाडी सुट्टीनंतर शाळेला निघालेल्या पोरासारखी पाय ओढते. फार आधी पडली तर जोर लावताना इंजिनातून बारीक खडखड येते, पत्र्याच्या डबीत मूठभर खडे हलवावेत तशी, आणि ती तशीच चालू दिली तर इंजिनाची वाट लागते. खरी जागा ही खडखड जिथे सुरू होते तिथून चिमूटभर मागे. यालाच टायमिंग लावणं म्हणतात. खुणांवर दिवा मारून ते लावायचं यंत्र बाजारात येऊन जमाना झाला होता. मास्तरांनीही ते घेतलं होतं. त्याच्या उजेडात ते सांडलेले नट शोधत.

मात्र कानानं टायमिंग लावायला माणसं दोन लागतात. एक बॉनेटखाली, एक आत ॲक्सिलरेटरवर. हे दुसरं माणूस म्हणजे मास्तरांची बायको. ती शिवणकाम करायची. गॅरेजला लागूनच तिची खोली, मधे एक खिडकी, खिडकीशी मशीन. मास्तर ओरडायचे, "अगं, ये जरा!" की ती तोंडातल्या टाचण्या उशीत खोचून गाडीत जाऊन बसायची. मग पंधरा मिनिटं तेच. "दाब... दाब... सोड. आता एकदम दाब! लक्ष कुठंय तुझं?"

"लक्ष ब्लाउजच्या बाहीत आहे. अर्धी सोडून आलेय."

"बाही पळून जात नाही."

"गाडी तरी कुठं पळतेय?"

सगळं झालं की मास्तर खिशातला पांढरा खडू काढून डब्यावरून इंजिनापर्यंत एक जाडजूड रेघ ओढायचे. कुणी मागाहून हात लावला, तर रेघ जुळायची नाही. ती त्यांची सही होती, आणि सहीचा त्यांना भारी तोरा होता.

त्यानंतर चढ. पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता चांगला उभा होता. टायमिंग लावलेली प्रत्येक गाडी मास्तर त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये घालायचे, शेजारी बायको. लग्न नवं होतं तेव्हा ही त्यांची चैन होती. आज डॉक्टरांची काळी गाडी, उद्या कंत्राटदाराची हिरवी, परवा कुठल्याशा वकिलाची, मागच्या काचेला पडदे असलेली. बायको प्रत्येक गाडीत ठेवणीतली साडी नेसून बसायची. तिच्या आत्याला कुणीतरी बातमी दिली, की जावयाच्या दारात सात गाड्या आहेत. आत्यानं पुढं चौदा करून सांगितल्या. खुलासा करायला मास्तर तयार होते, पण बायको म्हणाली, "राहू द्या हो. चार दिवस तेवढीच श्रीमंती."

टाकीपाशी गाडी थांबवून मास्तर विचारायचे, "ऐकलंस? काही नाही. स्वच्छ." तीही कान देऊन म्हणायची, "स्वच्छ." चाळीस वर्षं हा शब्द त्या चढावर बोलला गेला. नवरा-बायकोत याहून गोड काही बोललं गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. निदान मास्तरांच्या तरी नाही.

मग गेल्या वर्षापासून पाखरं येईनाशी झाली. "दारातल्या झाडावर पूर्वी किती कलकलाट असायचा," मास्तर म्हणायचे. बायको झाडाकडे बघायची. झाड पाखरांनी गच्च भरलेलं असायचं. ती पुन्हा मशीन चालवायला लागायची. किटलीही शिट्टी देईनाशी झाली. मास्तरांनी ती दोनदा उघडून दुरुस्त केली. आतून त्यांना उमगलं नव्हतं असं नाही. बाकी सगळं तर येत होतं ऐकू, इंजिनाची घुमणारी धडधडही. बारीक आवाज तेवढे कुठंतरी निघून गेले होते, आणि त्यांच्या धंद्याचा सारा जीव त्या एका बारीक आवाजात होता. ही गोष्ट बाहेर फुटली तर मास्तर कसले? उरला नुसता पाना घेतलेला म्हातारा. म्हणून त्यांनी बायकोला चढावर नेणं बंद केलं. "तुला शिवणाची घाई," म्हणाले. तिच्या गुडघ्यांचं निमित्त सांगून तिला गाडीत बसवणंही सोडलं. बॉनेटखाली वाकून ते स्वतःच हातानं इंजिनाला रेस देत.

तरी एकही गाडी परत आली नाही. उलट लोक नाव काढत. मास्तरांना वाटू लागलं, कान गेला असेल, पण हात शहाणा झालाय.

अशात एके दिवशी हेडबाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्या गाडीच्या हॉर्नलासुद्धा 'गप्प बस' म्हणत. घर विकून त्या धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. वाटेत मोठा घाट.

"मास्तर, परवा निघायचं. गेल्याच आठवड्यात तुम्ही टायमिंग लावलंत, पण एकदा डोळ्याखालून घाला. घाटात ही बंद पडली तर मी तिला पायी यायला सांगणार आहे."

"बाई, तुमच्या गाडीला मी हात लावला म्हणजे झालं," म्हणत मास्तरांनी बॉनेट उचललं. डब्यावर रेघ होती, पण त्यांची नव्हती. त्यांची पांढरी, जाड, पुसून टाकलेली दिसत होती. तिच्यापासून जरा सरकून नवी रेघ होती, निळी, सुईसारखी बारीक.

हेडबाईंना गाडी ठेवून उद्या यायला सांगून ते तरातरा समोरच्या टायरवाल्याकडे गेले.

"माझ्या कामात बोट घालतोस?"

"मी? मास्तर, मी चाकाच्या वर बघत नाही."

"मग हा खडू कुणाचा?"

टायरवाल्यानं आपला खडू दाखवला. पिवळा, मेणासारखा, अंगठ्याएवढा. "यानं ट्यूबचं भोक सापडलं तरी पुष्कळ. असली नाजूक रेघ काढायची तर हात शिंप्याचा पाहिजे."

बोलून गेला तो सहज, आणि मग स्वतःच वरमून टायर लोटत आत निघून गेला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

मास्तर परतले. खिडकीतून पाहिलं. बायको कापडावर माप आखत होती. हातात खडूची निळी चपटी वडी. दुपारी जेवून आपण दीड तास झोपतो, हे त्यांना आठवलं. इतके महिने ती त्या दीड तासात गॅरेजमध्ये जात होती. गाडी चालू करून, एका हातानं रेस देऊन, दुसऱ्या हातानं त्यांचं चुकलेलं मागं सरकवत होती. आणि इंजिनाच्या आवाजानं झोपमोड व्हायची त्यांना सवयच नव्हती.

त्या रात्री ते जेवून लगेच भिंतीकडे तोंड करून झोपले. राग होता, की लाज, त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

सकाळी उठून त्यांनी हेडबाईंच्या गाडीची निळी रेघ पुसली. मनासारखं टायमिंग लावलं. कान इंजिनाला टेकेल इतका खाली नेला. सगळं स्वच्छ होतं. पांढरी रेघ ओढली आणि हाक मारली, "अगं, ये जरा. चढावर जाऊ."

तिनं मशीन थांबवलं. मग आत जाऊन साडी बदलून आली.

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढाला लागली. मास्तरांनी जोर दिला. गाडी मजेत पळत होती. त्यांनी रस्ता सोडून बायकोकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या, शिवताना सुई बोटात गेल्यासारख्या.

टाकीपाशी गाडी थांबली.

"आवाज येतोय?" मास्तरांनी विचारलं.

ती पदराचं टोक चाचपत राहिली.

"खरं सांग. येतोय?"

"येतोय. पार खालपासून."

मास्तरांनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "मला नाही येत."

"ठाऊक आहे मला."

"पाखरं?"

"आहेत हो. खंडीभर आहेत. सकाळी जीव नकोसा करतात."

मास्तर खुदकन हसले.  "चाळीस वर्षं मला वाटायचं, तू नुसती पाय ठेवून बसतेस."

"बसून दुसरं काय करणार? ऐकायचेच की."

हेडबाई दहा वाजता यायच्या होत्या. गॅरेजमध्ये परतल्यावर मास्तरांनी बॉनेट उचललं, तेरा नंबरचा पाना बायकोच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन गाडीत बसले. टायमिंग लावताना या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून फक्त दोन हात दिसत होते, मनगटापर्यंत, बोटांवर निळी भुकटी. चाळीस वर्षं तिला आपले एवढेच दिसले असतील. हात, आणि वरून शिव्या.

"दाबा," आवाज आला. "दाबा... हळू. सोडा. आता एकदम!"

मास्तर त्या हातांकडे बघत होते. पाय तसाच राहिला.

"अहो, दाबा ना! लक्ष कुठंय तुमचं?"