सातोमीच्या आईनं फोन घेतला

मार्च उजाडला की सातोमी इगाराशीचा घसा बसतो तो एप्रिलात उघडतो. दिवसभर काउंटरमागं बसून बोलायचं, तेही गोड, म्हणजे घशाचं वाटोळं ठरलेलंच. जपानातल्या त्सुरुओका स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात ती लागली तेव्हा तिशीची होती. आता केसांना रंग लावते आणि काउंटरखाली चप्पल काढून बसते, कारण पाय सुजतात. लग्न केलं, ते मोडलं, मूलबाळ नाही. नोकरी आहे, पण तीही वर्षाच्या बोलीवर. गिऱ्हाइकाला दोन वर्षं बांधून घ्यायचं आणि बांधणारीला मात्र एकाच वर्षाचा दोर. असली अजब तऱ्हा.

मार्चात वर्ष संपतं. पोरं शाळा सोडून कॉलेजांना जाणार, त्यांना नवे फोन हवेत. त्यात यंदा मोबाइलचं जुनं नेटवर्क बंद होणार होतं. ज्यांच्याकडे मिटून ठेवायचे, घडीचे जुने फोन होते त्या सगळ्या म्हाताऱ्यांना कंपनीनं पत्रं धाडली, की महिनाअखेरीनंतर तुमचा फोन वाजणार नाही. म्हातारी माणसं ती पत्रं घडी घालून छातीशी धरून यायची, टोकन घ्यायची आणि ओव्हरकोटाची बटणं न काढता बसून राहायची. प्रत्येकाला तोच फोन परत हवा असायचा. "हाच द्या, फक्त चालणारा," म्हणायची. आता तो कुठून आणून द्यायचा?

नुसता फोन बदलून दिला तर सातोमीला काही त्रास नव्हता. त्रास होता टॅबलेटचा. फोनबरोबर टॅबलेट घेतला की फोन स्वस्त पडतो असं सांगायचं. टॅबलेटचं बिल पुढं चोवीस महिने येत राहतं, ते जरा हळू आवाजात सांगायचं. मॅनेजर कान्नो तिच्याहून कितीतरी लहान. तो कधी ओरडायचा नाही, तेवढं बरं म्हणायचं का वाईट, देव जाणे. संध्याकाळी दुकान बंद झालं की सगळ्यांना उभं करायचा, आकडे वाचायचा आणि सातोमीच्या नावाशी आला की सुस्कारा टाकायचा. "इगाराशीसान, तुम्ही एवढ्या अनुभवी," म्हणायचा. एवढंच. पण तो सुस्कारा ती घरी घेऊन जायची.

तिची एक हातोटी होती. म्हातारी बाई समोर असली की ती टॅबलेट उचलून दोन्ही हातांनी पुढं करायची आणि म्हणायची, "आजी, यात नातवाचा चेहरा केवढा मोठा दिसेल." शंभरातल्या निम्म्या बायका तिथंच पाघळायच्या. हे वाक्य तिनं दुकानातल्या नव्या पोरींनाही शिकवलं होतं. कंपनीच्या शिबिरात एकदा ते सगळ्या भागातल्या पोरींपुढं म्हणून दाखवलं होतं आणि टाळ्याही मिळवल्या होत्या.

मंगळवारी तिची सुट्टी. त्या मंगळवारी ती बाजार करून, गाडी घेऊन आईकडे गेली. आई, तोयो, शहराबाहेर एकटीच राहते. डोळ्यांत काचबिंदू आहे, महिन्यातून एकदा बसनं शेजारच्या साकाता शहरातल्या दवाखान्यात जाते. बाकी ठणठणीत. गाडीचा आवाज आला की आई दारात यायची, हातातल्या पिशव्या ओढून घ्यायची आणि लेक बूट काढेपर्यंत चहाचं पाणी ठेवायची. त्या दिवशी मात्र दारात कोणी नव्हतं. आई आत कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबदार रजईत पाय घालून बसलेली, जागची हलेना.

"चहा तूच टाक आज," आई म्हणाली. "माझे गुडघे धरलेत."

"दोन दिवसांपूर्वी फोनवर तर काही बोलली नाहीस."

"गुडघे काय सांगून धरतात?"

सातोमीनं चहा टाकला. लाल सलगमाचं लोणचं बशीत काढलं. कोतात्सूवर नवा कोरा फोन दिसला. जुन्या घडीच्या फोनला आईनं विणलेलं कव्हर त्याच्यावर ताणून बसवलं होतं, ते अर्ध्यातच अडकलं होतं.

"घेतलास? मी म्हटलं होतं ना, गर्दी ओसरली की मी आणून देते."

"दवाखान्यासमोरच दुकान आहे तुमच्याच कंपनीचं. मागच्या मंगळवारी डोळ्यांत थेंब घातले होते, तासभर बसायचंच होतं. म्हटलं, तुझ्या डोक्याला ताप कशाला. मार्चात तुला मरायला फुरसत नसते."

इथवर ठीक होतं. सातोमीला उलट बरंच वाटलं, एक काम वाचलं म्हणून. पण आई उठायला तयार नाही. बशी संपली तरी उठेना, दारावर भाजीवाल्या सहकारी संस्थेची गाडी आली तरी उठेना. "जा, तू घे," म्हणाली. भाजी आत आणताना सातोमीनं पाहिलं, आईच्या खालच्या उशीच्या कडेतून काहीतरी काळं चकाकत होतं.

"आई, ऊठ."

"म्हटलं ना, गुडघे..."

"ऊठ बघू."

आई उठली, चांगली तरण्या पोरीसारखी उठली. उशीखाली टॅबलेट होता, प्लॅस्टिकसकट. ताकाला जाऊन भांडं लपवावं कुणी, इथं तर बाई भांड्यावर बसली होती.

"हे काय आहे?"

"दिसायला ट्रेसारखं आहे," आई म्हणाली. "चहाचे दोन कप मावतात."

सातोमीला हसू आलं नाही. तिनं खोकं मागितलं, आईनं कपाटातून निमूटपणे काढून दिलं. दोन वर्षांचा करार, टॅबलेटचा वेगळा नंबर, वर सुरक्षेची कसलीशी योजना, सिनेमे बघायची आणखी एक. ज्या बाईला टीव्हीवरचं हवामान दिसत नाही तिला सिनेमे. सातोमीचं डोकं सणकलं. कुणावर, ते तिला त्या घडीला नीट कळलं नाही.

"कितीदा सांगितलंय तुला? नको म्हणायचं. दोन अक्षरं आहेत फक्त."

"म्हणणार होते."

"मग?"

"ती पोरगी फार गोड होती गं. दोन तास समजावत होती. मला एकदा कळेना, तर तीनदा सांगितलं. दुपारचे दोन वाजून गेले, तिच्या पोटात गुरगुरत होतं, मला इकडं ऐकू येत होतं. तरी हसतच होती. आणि मग तिनं हे असं दोन्ही हातांनी पुढं केलं नि म्हणाली, आजी, यात नातवाचा चेहरा केवढा मोठा दिसेल."

सातोमीनं हातातलं खोकं खाली ठेवलं.

"मला नातू नाही हे कसं सांगायचं तिला?" आई म्हणाली. "एवढ्या प्रेमानं बोलत होती. मध्येच तोडलं असतं तर बिचारी किती ओशाळली असती."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पण इकडं ही भीड आईच्या दुधाबरोबर पाजलेली असते, त्याला कोण काय करणार? कुणाचा वेळ घेतला तर रिकाम्या हातानं उठायचं नाही. दुकानदाराला तसदी दिली तर निदान काहीतरी घेऊन उठायचं. यावरच कंपन्या जगतात आणि सातोमीही जगते.

आणि आपलेच दात, आपलेच ओठ.

सातोमीनं कागदांवरची तारीख पाहिली. आठ दिवसांच्या आत असला करार मोडता येतो. हे वाक्य ती स्वतः गिऱ्हाइकांना सांगायची, कायदाच आहे तसा, पण ते ती एका श्वासात उरकायची, आगगाडीतल्या सूचनेसारखं. आज आठवा दिवस होता.

"कोट घाल," ती म्हणाली. "फोन राहू दे, तो लागणारच. हे परत करून येऊ. आज नाही केलं तर दोन वर्षं भरत बसशील."

"भरेन की. पेन्शन कुठं खायला एवढं लागतं मला."

"आई."

"तिला बोलणी बसतील, सातोमी."

"बसू देत. तेवढ्यानं कोणी मरत नाही."

आई सावकाश म्हणाली, "तूच सांगत असतेस ना, रविवारी फोनवर. एक म्हातारी आली, दोन तास डोकं खाल्लं, काही न घेता गेली. दुसरी आली, तिनं घेतलं नि लेकीला घेऊन आली परत करायला, सगळ्यांसमोर. मॅनेजरनं सुस्कारा टाकला. दर मार्चात सांगतेस. ते ऐकलं की मला रात्री झोप येत नाही. मी तिथं खुर्चीत बसले होते तेव्हा तेच मनात होतं. म्हटलं, आपण काही ती म्हातारी व्हायचं नाही."

सातोमीला खूप थकवा आला, आजचा नाही, सगळ्या वर्षांचा एकदम आल्यासारखा. तिथंच रजईत पाय घालून आडवं व्हावं, टॅबलेट चहाच्या कपांना राहू द्यावा, असं तिला मनापासून वाटलं. पण पेन्शन किती येते ते तिला माहीत होतं, आणि पुढच्या वर्षी आपली नोकरी असेल की नाही ते माहीत नव्हतं. तिनं आईचा कोट खुंटीवरून काढला.

आईनं मग वाद घातला नाही. फक्त वाटेत मिठाईच्या दुकानाशी गाडी थांबवायला लावली आणि मोचीचा, तांदळाच्या मऊ मिठाईचा, एक डबा घेतला, चांगला कागदात बांधून. साकातापर्यंत ती तो मांडीवर धरून बसली होती आणि ओठांतल्या ओठांत माफीची वाक्यं घोळवत होती. "मी बोलेन," सातोमी म्हणाली, "तुला काही बोलायचं नाही." शेतांत जुना बर्फ काळा पडून राहिला होता.

दुकानात शिरल्या शिरल्या ती पोरगी खुर्चीतून उठली. छातीवर नाव होतं, कोसेकी. वीस-बावीसची असेल. आईला बघून तिचा चेहरा खराच फुलला, शिकवलेला नाही. सातोमीला त्यातला फरक कळतो.

"इगाराशी आजी! कसा चाललाय फोन? अक्षरं मोठी केली होती, दिसतात ना आता?"

"दिसतात," आई म्हणाली, "छान दिसतात," आणि मोचीचा डबा घट्ट धरला.

सातोमीनं खोकं काउंटरवर ठेवलं. तिला जे बोलायचं होतं ते ती बोलली, थोडक्यात, सभ्यपणे. आज आठवा दिवस आहे, टॅबलेट आणि त्याबरोबरच्या योजना परत करायच्या आहेत. बोलताना आपला आवाज तिला ओळखीचा वाटला. दर मार्चात चार-दोन लेकी येऊन काउंटरपलीकडून याच आवाजात बोलायच्या, आणि त्या गेल्यावर मधल्या सुट्टीत ती त्यांची नक्कल करायची.

"माझंच समजावणं कमी पडलं," कोसेकी म्हणाली आणि वाकली. "आपल्याला त्रास झाला, माफ करा." तिचे कान लाल झाले होते. मागच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. पोरीनं कागद काढले, कुठं सही करायची तिथं बोट ठेवून दाखवलं. बोटाचं नख कुरतडलेलं होतं. टॅबलेटवरचं प्लॅस्टिक तसंच आहे का, तेवढं तिनं हळूच बघितलं.

सगळं आटोपल्यावर आईनं डबा पुढं केला. "थोडंसंच आहे, सगळ्यांनी मिळून खा."

"आजी, आम्हाला घेता येत नाही. नियम आहे."

"मोचीच आहे गं."

"मनापासून आभार, पण खरंच नाही घेता येत."

तो डबा काउंटरवरून एकदा इकडं, एकदा तिकडं सरकला. आईला वाटत होतं, निदान हे तरी घेईल. सातोमीला नियम पाठ होता. शेवटी तिनंच डबा उचलून आईच्या हातात परत दिला. कोसेकी दारापर्यंत पोचवायला आली, बाहेर थंडीत कोट न घालता नुसत्या शर्टावर उभी राहिली आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वाकून राहिली. आईही गाडीत बसल्या बसल्या मागं वळून मान लववत होती, पट्टा गळ्यात रुतला तरी.

पूल ओलांडल्यावर आई म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मी एक स्टॉप आधीच उतरेन."

"का?"

"बसमधून उतरलं की समोर त्यांच्याच दुकानाची काच. तिनं बघितलं, हात हलवला, तर मी तोंड कुठं करू?"

"अगं, अलीकडचा स्टॉप म्हणजे पुलाच्या या टोकाला. केवढं चालायचं ते. बर्फ असतो, तुला दिसत नाही."

"हळूहळू येईन कडेकडेनं."

सातोमीनं गाडीचा वेग कमी केला. तिच्या दुकानात परत करून गेलेली माणसं पुन्हा कधी आली नव्हती. त्यांनी कंपनी बदलली असेल, असं तिनं धरलं होतं. ती कोणत्या बाजूनं चालतात, कुठं आधी उतरतात, याचा तिनं विचार केला नव्हता. आता तो डोक्यातून जाईना.

"आपण दवाखानाच बदलू या," ती म्हणाली.

"डॉक्टर चांगले आहेत गं," आई म्हणाली. "पोरगीसुद्धा चांगलीच होती."