सूट मिळालेल्यांची खुर्ची

मंगळवार, सकाळचे नऊ. क्रेगीबर्न या व्हिक्टोरियातल्या उपनगरात एका जॉब एजन्सीची वेटिंग रूम. हीटर बंद.

तीस वर्षं बातमीदारी केली, पण किस्से शोधावे लागत नाहीत अशी जागा हीच. खुर्चीवर बसा, ते आपोआप अंगावर येतात. हसू यायचं केव्हाच थांबलंय.

नियम साधा आहे. सरकारी बेकारी भत्ता हवा, तर नोकरी शोधा, अर्ज करा, एजन्सीत हजेरी लावा. आजारी असाल किंवा घरदार आपत्तीत सापडलं असेल, तर सरकार या अटींतून सूट देतं. देतं म्हणजे, म्हणतं तरी तसं.

शेजारी सुहास बसला होता. पुण्याचा, आयटीतला, आता इथला नागरिक. किडन्या गेल्या, मागोमाग नोकरी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरभाडं याच भत्त्यातून जातं. त्याला पूर्ण सूट होती.

ब्रॅड नावाच्या कन्सल्टंटने त्याला आत बोलावलं. "मेट, तुला सूट आहे. यायची गरज नव्हती."

"पण मेसेज तुमचाच होता."

"हो. आला नसतास, तर भत्ता थांबला असता!"

*

मनीषाताई गावाकडच्या. गाव म्हणजे इथलंच, व्हिक्टोरियातलं. वणव्यात घर गेलं. त्या भागातल्या सगळ्यांना सूट जाहीर झाली. ताई क्रेगीबर्नला बहिणीकडे आल्या आणि प्रामाणिकपणे नवा पत्ता कळवला.

सूट रद्द!

"का?" तर म्हणे, क्रेगीबर्नला वणवा लागलेला नाही.

ताई म्हणाल्या, "बरोबर आहे हो. मी जळक्या घरातच राहायला हवं होतं."

*

सुहासला एजन्सीचा फोन आला, तो नेमका मशीनवर असताना. मागे अलार्म वाजत होता.

"कामावर आहेस का, मेट?" ब्रॅडने आशेने विचारलं.

"नाही रे बाबा, डायलिसिसवर."

"नो वरीज! मग आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, मोकळा असशील ना?"

*

मी भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याच्या प्रवक्तीला फोन केला. ती म्हणाली, "आम्ही वैयक्तिक प्रकरणांवर बोलत नाही."

"ठीक. मग एकूण धोरणावर बोला."

"त्यासाठी आम्हाला एखादं ठरावीक प्रकरण लागेल."

मी फोन ठेवला. आपटला, असं बायको म्हणते.

*

आणि मग ती दुपार. सुहासला पुन्हा एकदा, सूट आहे हे सांगायला बोलावलेलं. मीही सोबत गेलो. ब्रॅडचा कॉम्प्युटर हँग. लोक खोळंबलेले, एका बाईच्या कडेवर रडणारं पोर. ब्रॅड एकच बटण पुन्हा पुन्हा दाबतोय.

सुहासला बघवेना. मी त्याची बाही ओढली. "बस खाली. तुझं काम नाही ते."

"काका, दहा मिनिटांचं तर आहे. लोक ताटकळलेत." आणि ब्रॅडला, "सरक जरा, मेट," म्हणत तो त्याच्या खुर्चीवर बसला.

आयटीवाल्याची जात! हाताला सुईच्या पट्ट्या, तरी बोटं भराभर चालत होती. स्क्रीन उजळला. वेटिंग रूमने टाळ्या वाजवल्या. ब्रॅडने स्वतः कॉफी आणली, सुहासला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं म्हणून ती मी प्यायलो. परतताना सुहास गाडीत शीळ घालत होता. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

पुढच्या आठवड्यात त्याची सूट गेली आणि भत्ता थांबला. कारण दिलं होतं: "ऑफिसचं काम करताना आढळला. काम करण्यास सक्षम."

ब्रॅड शपथेवर सांगतो, ती नोंद मी केली नाही. एजन्सी म्हणते, खात्याला विचारा. खातं म्हणतं, एजन्सीला विचारा. मी खात्याला तीनदा लेखी विचारलं. तिसऱ्यांदा एका ओळीचं उत्तर आलं: नोंद एजन्सीतल्या त्याच कॉम्प्युटरवरून, त्याच दुपारी झाली.

तेव्हा ब्रॅडच्या खुर्चीवर कोण होतं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.