रविवारची अर्धवट तपासणी

डिंडोलीच्या आमच्या घरात कपाटावर एक जुना कॉम्प्युटर चोवीस तास चालू असायचा; वीज जाऊन परत आली की आपोआप सुरू व्हायचा. साड्यांची डिझाइनं काढणं हे माझं काम. त्यामुळे घरचे फोटो, व्हिडिओ, आवाज एका मोठ्या हार्ड डिस्कवर साठवायची व्यवस्था मीच केली होती आणि चार लोकांत तिची फुशारकीही मारली होती. त्या डिस्कवर आईच्या आवाजातली कानबाईच्या सणाची गाणी होती, तीन श्रावणांत रेकॉर्ड केलेली. आई गेल्यावर माझे वडील, आबा, रोज चहा झाला की फोनवर, थेट त्या डिस्कवरून, तीच लावून बसायचे. दुसरी प्रत काढायचं मी आज-उद्या करत राहिलो.

डिस्क बहुतेक वेळा आतून हळूहळू कुजत जाते, म्हणून तिची पूर्ण तपासणी आपोआप होईल असं वेळापत्रक लावता येतं. तपासणीला आठ तास लागायचे. मी रविवार सकाळ धरली, कारण रविवारी आम्ही सगळे कतारगामला बहिणीकडे जेवायला जातो आणि कॉम्प्युटरला कुणी हात लावत नाही. दोष सापडला तर मला मेसेज येणार होता. दीड वर्षात एकही मेसेज आला नाही, तेव्हा सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. रविवारीच दूध का नासतं, असं बायकोनं दोनतीनदा विचारलं. मी उन्हाळ्यावर खापर फोडून मोकळा झालो.

मग एका बुधवारी गाणी लागेनात. दुरुस्तीवाल्यानं डिस्क उघडून पाहिली आणि हात वर केले. ही कितीतरी महिन्यांपासून खराब होत होती, तपासणी लावली नव्हती का, असं त्यानं वर मलाच विचारलं. मी तणतणत घरी आलो. तपासण्यांची नोंद दुसऱ्या छोट्या डिस्कवर शाबूत होती, ती काढली. प्रत्येक रविवारपुढे एकच शेरा: वीज गेल्यामुळे अर्धवट. एकही तपासणी पुरी झालेली नव्हती. पण रविवारी आमच्या सोसायटीत वीज जात नाही.

आबांनी कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तीस वर्षं काढली. तिथे सगळीकडे सुताची फुसं, म्हणजे उडणारे बारीक तंतू, एक ठिणगी पुरते. म्हणून सुट्टीला खातं बंद करताना शेवटचा कारीगर मेन स्विच पाडूनच बाहेर पडतो, आणि तो शेवटचा माणूस बहुतेक आबाच असायचे. रविवारी मी खाली गाडी काढायचो, ते वर मेन पाडून कुलूप लावायचे. परतल्यावर किल्ली घेऊन तेच आधी वर जायचे. मी पोहोचेपर्यंत घरात दिवे लागलेले असायचे.

राग आला की माझ्या तोंडून घरची अहिराणी निघत नाही, शाळेतली मराठी निघते. मी म्हणालो, "आई एकदा गेली होती, आबा. तुम्ही तिला परत घालवलीत."

बायकोनं मला गप्प करायचा प्रयत्न केला, पण मी आणखी बरंच बोललो. खात्यातली अक्कल घरात कशाला चालवता, असंही बोललो. आबा खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग तिना आवाज गया का?"

मी हो म्हणालो.

मग ते म्हणाले, "माले कोनी सांगेल व्हतं?"

कुणीच नाही. रविवारच्या तपासणीबद्दल मी बायकोला सांगितलं होतं, ऑफिसातल्या पोरांना सांगितलं होतं. आबांना त्यातलं काय कळणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. 'मेन पाडू नका' एवढंच तर सांगायचं होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळलं असतं. तपासणी पुरी झालीच नाही तर मेसेज पाठव, हेही मी मशीनला सांगितलं नव्हतं.

या सगळ्याला आता चार महिने झाले. माझा राग उतरलेला नाही. सगळ्यात जास्त चीड याची येते, की त्या दिवशी तो मी त्यांच्यावर काढला, कारण घरात उलटून न बोलणारे तेवढे तेच होते.